होसकोट्याचा कांदा आणि आमचं खोबरं

बंगळूरला जाऊन आलो हे कळलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. हवा खरंच एवढी थंड असते का, आणि लालबाग पाहिली का. हवा चांगली आहे. फाल्गुनातसुद्धा पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, आणि वेंगुर्ल्याच्या घामट माणसाला ती चैनच वाटते. लालबाग मी पाहिली नाही. ज्या दिवशी जायचं ठरलं होतं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कुणाचाच पाय घराबाहेर पडला नाही. म्हणून हे वर्णन फुलांचं नाही, कांद्याचं आहे, आणि थोडं आमच्या खोबऱ्याचं.

घाट चढून

माझी धाकटी बहीण इंदू लग्न होऊन बंगळूरला गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तिचं सासर मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेलं आणि तिथेच राहिलेलं. तिचे यजमान व्यंकटराव. नात्याने मी त्यांना भावोजी म्हणायला हवं, पण बंगळूरात पोस्टमनपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. त्यांचा कांद्याचा व्यापार. हंगामाला एकदा तरी येऊन जा, असं इंदू दरवर्षी लिहायची, आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. यंदा नारळाला भाव बरा मिळाला होता, मन मोकळं होतं, म्हणून निघालो.

बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? एक पोतं नारळ आणि एक पिशवी खोबरं बरोबर घेतलं. एसटीच्या कंडक्टरने आंबोलीच्या अलीकडेच पोत्यावरून माझ्याशी भांडण काढलं, ते बेळगावपर्यंत पुरलं. बेळगावहून रेल्वे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडला तर बाहेर माडच माड. वाटलं, गाडी उलटी फिरून कोकणात आली की काय! स्टेशन तिपटूरचं होतं. उतरून एका म्हातारीकडून खोबऱ्याची वाटी घेतली. ही मंडळी आख्खा नारळ माळ्यावर वर्षभर सुकवतात. आतला गर आपोआप सुटून खुळखुळायला लागला की मगच फोडतात. आम्ही उन्हात वाट्या टाकतो आणि कावळ्यांना दगड मारत बसतो. खोबरं आमच्यापेक्षा गोड होतं. हे मनाशी कबूल करायला मला तिपटूरपासून तुमकूरपर्यंत वेळ लागला.

चिक्कपेटेतलं घर

अण्णांचं घर चिक्कपेटेतल्या एका बोळात. पुढे रेशमी साड्यांची दुकानं, मागे कापसाच्या गाड्या, मध्ये हे घर. इंदूने दार उघडलं आणि म्हणाली, "दादा, स्वल्प बाजूला हो, पोतं आत घेऊ दे." मी हसलो. वेंगुर्ल्याची पोर, आणि 'जरा' म्हणायच्या जागी तोंडात कानडी स्वल्प! तिला आपण काय बोललो हेही कळलं नाही. नंतर तीन-चार दिवसांत मीसुद्धा रिक्षावाल्याला 'ठीक आहे'च्या ऐवजी "सरी, सरी" म्हणू लागलो, तेव्हा हसायची पाळी तिची होती.

तिच्या स्वयंपाकावर मात्र तीनशे वर्षांची छाप पडली आहे. सकाळी चित्रान्न म्हणजे लिंबूभात, दुपारी हुळी म्हणजे त्यांची आंबट आमटी, आणि पुरणपोळीला होळिगे. चव सगळी चांगली, पण मासा नाही. दुसऱ्याच दिवशी मला बांगड्याची आठवण येऊन जेवण गोड लागेना, हे मी तिला सांगितलं नाही.

अण्णांचा कांदा जरा वेगळा आहे, तो समजला पाहिजे. बंगळूरच्या पूर्वेला, होसकोट्याच्या बाजूला हा पिकतो. लहान, चपटा, गुलाबी, आणि असा तिखट की इंदूच्या स्वयंपाकघरातही त्याला जागा नाही. "हा इथं कोण खातो दादा," ती म्हणाली, "हा परदेशी जायला जन्मतो." जातो तो मुख्यतः मलायाला आणि सिलोनला. मलायाचं गिऱ्हाईक मद्रासच्या बड्या पेढ्यांनी धरलेलं. अण्णांचं सगळं सिलोनवर, आणि सिलोनचं सगळं कोलंबोतल्या एका माणसावर. त्याचं नाव कंदसामी.

हे कंदसामी दरवर्षी हंगामाला स्वतः येतात, अण्णांच्या घरी उतरतात, होसकोट्याला जाऊन ढीग पाहतात, सौदा करतात आणि जातात. यंदा सिलोन सरकार बाहेरच्या कांद्याला बंदी घालणार अशी कुणकुण होती. सिलोनच्या उत्तरेला कांदा पिकवणारे शेतकरी आहेत; त्यांना भाव मिळावा आणि देशाचं परकीय चलन वाचावं म्हणून. अण्णांना विचारलं तर त्यांनी हात झटकला.

"दरवर्षी हीच ओरड असते, दादा. दोन वर्षांपासून परवान्यावर माल जातोय. यंदाही परवाना मिळेल. आणि कंदसामी येतायत, तार आलीये. माणूस आला म्हणजे सौदा आला."

त्यांच्या या भरवशावर होसकोट्याच्या आसपास सबंध गावांनी तो कांदा लावला होता. आता तो काढून, वाळवून कांद्याच्या चाळींत भरून ठेवला होता.

पाहुणा

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कंदसामी मद्रासच्या गाडीने आले. उंच, वाळलेला माणूस, कमरेला पांढरी वेष्टी म्हणजे तमिळ धोतर, काखेत छत्री. इंदूसाठी चहा आणि दालचिनी आणली होती. तिला ते 'तंगच्ची' म्हणतात. तमिळमध्ये धाकटी बहीण. मी तिचा सख्खा भाऊ उभा असताना तिने आधी त्यांच्या पाया पडावं, याचा मला क्षणभर रागच आला. मग कळलं, इंदूला टायफॉइड झाला होता त्या वर्षी हा माणूस सौदा आटोपूनही परत गेला नव्हता. ती उठून बसेपर्यंत ओसरीवर बसून होता. मला तर ती आजारी होती हे बरी झाल्यावर पत्राने कळलं.

अण्णांच्या घरात एक नियम आहे, त्यांच्या वडिलांपासूनचा. उंबऱ्याच्या आत मालाविषयी बोलायचं नाही. पाहुणा आला, जेवला, झोपला, मुलाबाळांची चौकशी झाली, की मग चाळीवर जाऊन काय तो व्यवहार. आमच्याकडे व्यापारी अंगणात पाय ठेवतो तोच भाव विचारत. मला हा नियम फार सभ्य वाटला. त्याने घात केला.

कारण कंदसामी आल्यापासून काहीतरी सांगू पाहत होते. मला तमिळ कळत नाही, पण माणूस घसा साफ करून वाक्य सुरू करतो आणि मध्येच सोडतो, एवढं कुठल्याही भाषेत कळतं. पाणी पिताना एकदा, पान खाताना एकदा त्यांनी सुरुवात केली. दोन्ही वेळा अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "होसकोटे, होसकोटे." तिथे बोलू. पाहुणाही तसाच सभ्य. गप्प झाला.

नियम मोडला तो मीच. रात्री जेवताना चटणीवरून नारळाची गोष्ट निघाली आणि कंदसामींनी मला इंग्रजीत विचारलं, यंदा तुमच्याकडे खोबऱ्याला भाव कसा? माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण या विषयावर मला कुठल्याही भाषेत थांबवणं कठीण. मी ऐटीत सांगितलं की भाव उत्तम आहे, आणि तो आम्ही मिळवला आहे. बाहेरचं स्वस्त खोबरं येऊन आमचं खोबरं पडून राहायचं. आम्ही बागायतदारांनी मंडळ काढलं, सह्या गोळा केल्या, मुंबईला गेलो, मोठ्या साहेबांसमोर मी स्वतः बोललो. केरळातलेही बोलले. शेवटी सरकारने बाहेरच्या खोबऱ्याला आळा घातला.

"बाहेरचं म्हणजे कुठलं?" कंदसामींनी शांतपणे विचारलं.

"तुमच्याकडचंच बहुतेक," मी म्हणालो आणि हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे.

ते हसले नाहीत. त्यांनी ताटातल्या चटणीकडे पाहिलं आणि ती भाताबरोबर सगळी संपवली. अण्णा मला म्हणाले, "दादा, घरात माल नको." मी जीभ चावली, पण ती नियम मोडला म्हणून.

होसकोटे

सकाळच्या बसने निघालो. हेही सांगायला हवं की रस्ता सुंदर आहे. कृष्णराजपुरम मागे पडलं की तांबडी माती सुरू होते, आमच्यासारखीच, फक्त कोरडी. कडेने करंजाची झाडं फुललेली, खाली फुलांचा सडा. होसकोट्याचा तलाव बसमधून दिसतो आणि बराच वेळ दिसत राहतो. अण्णा खुशीत होते. कंदसामी खिडकीशी बसून छत्रीची मूठ फिरवत होते.

चाळ गावाबाहेर होती. बांबूच्या जाळीतून वारा खेळावा अशी लांबलचक, आणि आत कमरेइतका गुलाबी कांदा. वास असा की नाक चुरचुरायला लागलं. शेतकरी जमले होते, बायकाही होत्या. सगळ्यांत वयस्कर मुनियप्पा, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी आधी जेवायला बसवलं. नाचणीचा मोठा उंडा, त्याला मुद्दे म्हणतात, आणि पातळ सार. मी घास चावू लागलो तर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मुद्दे चावायचं नसतं, सारात बुडवून गिळायचं असतं. मुनियप्पांनी मला गिळून दाखवलं. मला ठसका लागला. ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

जेवण झालं, हात धुतले, आणि अण्णा चाळीच्या तोंडाशी मांडी घालून बसले. समोर कंदसामी. भोवती शेतकरी. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या उजव्या हातावर पसरलं. इथली रीत अशी की भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरून, दाबून आकडा ठरवायचा. घासाघीस चारचौघांत होत नाही, म्हणून कुणाचा अपमानही होत नाही. आमच्याकडे गुरांच्या बाजारात असं करतात, ते मी पाहिलं होतं. पण इथे आणखी एक आहे. एकदा पसरलेलं उपरणं रिकामं उचलत नाहीत. उचललं तर ते अशुभ, सबंध गावाला.

कंदसामींनी हात पुढे केला नाही.

अण्णा वाट पाहत राहिले. चेहऱ्यावर अजून हसू होतं. मग कंदसामी बोलू लागले, तमिळमध्ये, अगदी हळू. अण्णांचं हसू गेलं. शेतकऱ्यांना तमिळ नीट कळत नव्हतं. मुनियप्पांनी विचारलं, "याके स्वामी?" का, काय झालं? आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कंदसामी एकेक वाक्य बोलून थांबायचे आणि अण्णा ते कन्नडमध्ये सांगायचे. स्वतःचा व्यापार बुडाल्याची बातमी ते स्वतःच्याच तोंडाने लोकांना सांगत होते, आणि एकही शब्द गाळत नव्हते. वर मला काही कळलं नसेल म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा तीच मराठीत सांगितली.

"सिलोनने कांदा बंद केला, दादा. परवाना नाही, काही नाही. तिकडचे शेतकरी म्हणतात आमचा कांदा खपू दे. आणि सरकार म्हणतं, भारताने आमचं खोबरं घ्यायचं सोडलं, मग आम्ही भारताचा कांदा घ्यायला पैसा कुठून आणावा? हे तारेने कळवण्यासारखं नव्हतं म्हणून ते आले. कालपासून सांगायला बघत होते. मीच बोलू दिलं नाही."

मुंबईच्या त्या साहेबाच्या खोलीत मी जे बोललो होतो त्याचं दुसरं टोक इथे, या चाळीत, माझ्यासमोर बसलं होतं. मी खोटं काही मागितलं नव्हतं. आमचं खोबरं खरंच कुजत होतं, आमच्याही घरात चुली होत्या. हे सगळं मला पाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

अण्णांचा हात अजून तसाच पुढे. वर उपरणं. कुणी हलेना. एका बाईने तोंड फिरवलं. मला ते बघवेना. मी पुढे सरकून त्या उपरण्याखाली माझा हात घातला. काय करणार होतो मी? तो कांदा घेऊन वेंगुर्ल्याच्या समुद्रात टाकणार होतो? काही विचारच केला नव्हता. नुसतं ते उपरणं रिकामं राहू नये एवढंच वाटलं.

अण्णांनी माझा हात ओळखला. नारळ सोलून सोलून माझ्या तळव्याला घट्टे पडलेत. त्यांनी माझं एक बोट धरलं आणि मिटवलं. मग दुसरं. पाचही बोटं मिटवून माझी मूठ केली आणि ती क्षणभर आपल्या हातात धरून ठेवली. मग उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि कन्नडमध्ये शेतकऱ्यांना म्हणाले, सौदा नाही. कांदा आपापल्या घरी न्या. मद्रासला थोडा जाईल तेवढा बघतो, पण त्यांचा स्वतःचा छोटा कांदा आहे, फार आशा धरू नका.

मुनियप्पांनी काहीतरी विचारलं. मी अण्णांकडे वळलो.

"काय विचारतायत?"

"काही नाही, दादा."

"अण्णा, काय विचारतायत ते सांगा."

"विचारतायत, त्यांचं खोबरं बंद करा असं मागितलं कुणी?"

कंदसामींना मराठी येत नाही, पण त्यांना कळलं असावं. ते मान खाली घालून बसले. आदल्या रात्रीचं ते एका शब्दाने बोलले नाहीत.

मी म्हणालो, "त्यांना सांगा, मी मागितलं."

"तू पाहुणा आहेस."

"सांगा."

अण्णांनी सांगितलं. सगळ्या नजरा माझ्यावर आल्या. मुनियप्पांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि काहीतरी बोलले. अण्णांनी ते मराठीत केलं.

"म्हणतायत, बाहेरून स्वस्त कांदा आला असता तर आम्हीपण हेच मागितलं असतं. पाहुण्याला म्हणावं, त्याने वाईट वाटून घेऊ नये."

शिव्या खाऊन माणूस घरी जाऊ शकतो. हे घेऊन कुठे जायचं, मला कळेना. शेतकरी उठले आणि चाळीतून पोती भरू लागले. मीही भरू लागलो. कुणी मला नको म्हटलं नाही.

कॅन्टोन्मेंट स्टेशन

दुसरा दिवस लालबागेचा होता. कुणी तिचं नाव काढलं नाही. अण्णा ओसरीवर बसून राहिले, कंदसामी त्यांच्या शेजारी. आता मालाविषयी बोलायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो नियम आपोआपच पाळला गेला.

संध्याकाळी अण्णा आणि मी कंदसामींना पोचवायला कॅन्टोन्मेंट स्टेशनवर गेलो. इंदूने त्यांच्याबरोबर लोणच्याची बरणी आणि होळिग्यांचा डबा दिला. बरणी आगबोटीवर अडवतील का, तिकडे उतरवून घेतील का, अशी तिची चौकशी चालली होती. कंदसामी म्हणाले, अडवलं तर मी तिथेच बसून खाईन.

गाडी लागली. ते खिडकीशी बसले. अण्णा खाली उभे. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना निरोप देताना पुढच्या हंगामाच्या पावसापाण्याचंच बोलणं केलं असणार. यंदा तो विषय उरला नव्हता. मग अण्णा तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, आणि मला कळावं म्हणून असेल, कंदसामींनी उत्तर इंग्रजीत दिलं.

"कांदा नसला तरी या, असं म्हणतायत तुमचे अण्णा. पण मला देशाबाहेर पडायला, प्रवासाला पैसे बदलून घ्यायला सरकारची परवानगी लागते. ती मिळायची व्यापारी म्हणून. कांद्याचा व्यापारी म्हणून मी येत होतो. मित्राकडे जायचंय म्हणून मागितली तर मला हसतील." ते खिडकीतून पुढे वाकले. "ही खेप जुन्या कागदावर जमली. तंगच्चीला सांगू नका."

गाडी सुटली. ती वळणाआड जाईपर्यंत अण्णा उभे होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्याचं धाडस झालं नाही. कांदा, खोबरं, चलन, परवाना, हे शब्द मी कितीतरी सभांमधून मोठ्याने बोललो आहे. त्यांच्या आत एवढी माणसं बसलेली असतात, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

घरी आलो तर इंदू दारातच उभी. कालपासून तिला सगळं कळलं होतं, फक्त शेवटचं सोडून.

"बसले ना नीट? खिडकी मिळाली?"

"मिळाली," अण्णा म्हणाले आणि चप्पल काढत बसले, बराच वेळ.

"कांदा नसला तर नसला," ती म्हणाली. "माणूस तर येईल ना पुढल्या वर्षी?"

"येतील म्हणाले."

अण्णांचा स्वर तिला पटला नसावा. ती माझ्याकडे वळली.

"खरंच म्हणाले, दादा?"

"हो," मी म्हणालो. "येतो म्हणाले."